लिंबूटिंबूचा गडी होतो तेव्हा: पॅरा खेळ आणि आपली नजर

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी भाच्याला घेऊन पुण्यातल्या एका बंदिस्त बास्केटबॉल कोर्टवर गेलो. तिथे व्हीलचेअर बास्केटबॉलचा सराव चालतो आणि माझा एक मित्र त्या संघात आहे. भाचा सोळा वर्षांचा, कॉलेजच्या संघात खेळणारा, उंचीनं मला कधीच मागे टाकलेला. त्या दिवशी एक गडी कमी पडत होता. मित्रानं एक रिकामी चेअर त्याच्याकडे ढकलली आणि म्हणाला, "बस रे, खेळ."

पुढची वीस मिनिटं मी कडेला उभा राहून पाहिली. चेअर सरळ जाईचना. एका चाकाला जरा जास्त जोर लागला की गर्रकन फिरायची. चेंडू धरला तर चाकं कोण फिरवणार आणि चाकं धरली तर चेंडू कुठे ठेवणार, हेच त्याला उमगत नव्हतं. बास्केट नेहमीचीच, दहा फुटांवरची. पण पायांचा जोर न लावता टाकलेला त्याचा चेंडू रिंगच्या हातभर खालीच पडला. समोरचा सात नंबरचा खेळाडू, ज्याच्या कमरेखाली संवेदना नाहीत, भाच्याच्या मांडीवरून चेंडू काढून घेऊन निघूनसुद्धा गेला. आणि भाच्याच्या संघातला एक जण त्याच्यावर ओरडला, "अरे, पास दे ना! बघत काय बसलास?"

घरी येताना मला वाटलं होतं की हा आता काहीतरी हळवं बोलेल. चांदणी चौक येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो सात नंबरवाला चाक न थांबवता वळतो कसा?"

मला या लेखात त्या प्रश्नाबद्दलच लिहायचं आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, भारतानं २९ पदकं जिंकली, त्यात ७ सुवर्ण. २०२५ मध्ये दिल्लीत जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथे २२ मिळाली. १९६८ मध्ये भारतानं पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये भाग घेतला तेव्हापासून २०१६ पर्यंतची सगळी पदकं मिळून १२ होती, त्यामुळे या बातम्या मोठ्या झाल्या आणि तशाच व्हायला हव्या होत्या. 'पॅरा खेळांमुळे समाजाची नजर बदलते' असंही आता वारंवार ऐकू येतं. पण बदलते म्हणजे नक्की काय होतं? कोणाची बदलते? नुसतं टीव्हीवर पाहून बदलते का?

## आधी आपल्या अंगणात जाऊ

आपण सगळे लहानपणी खेळलो आहोत, त्यामुळे हा शब्द समजावून सांगायला नको: लिंबूटिंबू. धाकटं भावंड खेळायला मागे लागलं की त्याला घ्यायचं, पण मोजायचं नाही. तो बाद झाला तरी बाद नाही, त्यानं पकडलं तरी राज्य येत नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय आणि बाकीचे त्याला चुकवून आपला खेळ खेळत राहतात. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो.

अपंग मुलाला आपल्याकडे बहुतेक वेळा हेच मिळतं, आणि धाकटं भावंड मोठं होतं तसं याचं लिंबूटिंबूपण सुटत नाही. शाळेच्या संमेलनात त्याला स्टेजवर बसवतात, पीटीच्या तासाला वह्या सांभाळायला देतात, लग्नात 'तू दमशील, बस इथेच' म्हणतात. सगळे प्रेमानंच वागतात, पण त्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नसते.

पॅरा खेळ म्हणजे असा खेळ, ज्याचे नियम किंवा साधनं अशी बदलली आहेत की त्या माणसाला लिंबूटिंबू धरावंच लागत नाही. तो बाद झाला की बाद. यालाच काही ठिकाणी अनुकूलित खेळ म्हणतात. कल्पना आपल्याला नवी नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना जोशीकाकूंच्या खिडकीकडे मारला की बाद, भिंतीला लागला की दोन धावा, असे नियम आपणही केलेच होते. जागा बदलली म्हणून नियम बदलले आणि तरी तो क्रिकेटच होता.

अंधांचं क्रिकेट बघा. चेंडू प्लॅस्टिकचा, आत छर्रे, म्हणजे तो खुळखुळत येतो. गोलंदाजी हात खालून आणि सरपटती, म्हणजे आवाज तुटत नाही. टाकण्याआधी गोलंदाज विचारतो 'रेडी?', फलंदाजानं 'येस' म्हटल्यावर 'प्ले' म्हणून चेंडू सोडतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध असावे लागतात, बाकीच्यांना थोडंफार दिसतं, आणि पूर्ण अंध खेळाडूनं काढलेली धाव दुप्पट मोजतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अंध महिलांचा पहिलाच टी-२० विश्वचषक झाला आणि कोलंबोतल्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारताच्या मुलींनी तो जिंकला.

बुद्धिबळात तर एवढंही लागत नाही. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक, की बोटांना रंग कळावा. अंध खेळाडू समोर बसला की तुमच्यासमोर वेगळा पट आणि त्याच्यासमोर वेगळा. चाल तोंडानं सांगायची. तो विचार करत असतो तेव्हा त्याची बोटं पटावरून हलकेच फिरत असतात आणि तुमचा घोडा कुठे आहे हे पाचव्यांदा तपासतात. अशा पटासमोर मी एकदाच बसलो आहे. बाविसाव्या चालीला माझा वजीर गेला आणि त्यानंतर मी त्या बोटांकडे फार सावधपणे बघायला लागलो.

## हे सुरू कुठून झालं

१९४४ साली ब्रिटनमध्ये स्टोक मँडेव्हिल इथल्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग उघडला. प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमन, हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये निसटलेले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ. तोवर अशा रुग्णांबद्दल डॉक्टरांची समजूत अशी की हा काही फार दिवसांचा सोबती नाही. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहून होणाऱ्या जखमा, आणि लघवीचा संसर्ग, यातच बहुतेक जण जायचे. गुटमननी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली, रात्रीसुद्धा. माणसं जगायला लागली. मग पुढचा प्रश्न आला: जगून करायचं काय?

त्यांनी उपचारात खेळ आणला. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा झाली. १९६० मध्ये रोमला पहिली पॅरालिम्पिक झाली. यातल्या 'पॅरा'चा आज अधिकृत अर्थ आहे 'सोबत, समांतर', म्हणजे ऑलिम्पिकच्या जोडीनं होणारी स्पर्धा.

आणि या गोष्टीचा एक धागा सरळ सांगली जिल्ह्यात येतो. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि पाय लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला आणि ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक आणलं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षं त्यांचं नाव किती शाळांमध्ये घेतलं गेलं असेल याचा विचार केला की मन कडू होतं. पदक होतं, विक्रम होता, फक्त बघणाऱ्यांच्या डोक्यात त्यासाठी जागा नव्हती. म्हणजे पराक्रम झाला की नजर आपोआप बदलते, असं नाही.

## टी, एफ आणि आकडे

पॅरा खेळांची बातमी वाचताना सामान्य वाचक अडखळतो तो इथे. 'एफ४६ गोळाफेक' म्हणजे काय?

कुस्तीचा आखाडा आठवा. ५७ किलोचा मल्ल ९७ किलोच्या मल्लाशी लढत नाही आणि तरी त्याच्या पदकाला कोणी 'अर्धं पदक' म्हणत नाही. पॅरा खेळांत वजनाच्या जागी शरीराची मर्यादा मोजतात. याला वर्गीकरण म्हणतात. टी म्हणजे धावण्याचे आणि उड्यांचे प्रकार, आणि एफ म्हणजे फेकीचे. पहिला आकडा अपंगत्वाचा गट सांगतो आणि दुसरा त्या गटातली तीव्रता. ११ ते १३ दृष्टिदोष, २० बौद्धिक, तिशीतले आकडे स्नायूंच्या समन्वयाचे, ४० आणि ४१ कमी उंचीचे, ४२ पासून हातापायांचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे, साठीतले कृत्रिम पायांचे. साधारणपणे एकाच गटात आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसमध्ये एफ४६ मध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण फक्त सहा सेंटीमीटर पुढे होतं. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा डावा हात निकामी झाला. आता कोणी म्हणेल, गोळा तर एकाच हातानं फेकतात, मग अडचण कसली? उभं राहून तसं करून बघा. फिरताना दुसरा हात तोल सांभाळतो, झटका देतो. आणि व्यायामशाळेत बार उचलायला दोन हात लागतात, एकानं ताकद कमवायची तर प्रत्येक व्यायाम वेगळा बसवावा लागतो. हे एकदा कळलं की आपण 'हात नसताना सुद्धा!' एवढ्यावर थांबत नाही, त्यांचा तोल, वेग आणि सुटण्याचा कोन बघायला लागतो. वर्गीकरणाची किचकट वाटणारी भाषा मला आवडते ती यासाठीच. ती माणसाला 'बिचारा' या एका गठ्ठ्यातून बाहेर काढते.

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये याचीच वेगळी पद्धत आहे. प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण असतात. ज्याला धडही सांभाळता येत नाही त्याला १, ज्याची मर्यादा सर्वात कमी त्याला ४.५. कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळे तगडे खेळाडू घेऊन संघ करताच येत नाही. एक गुणाचा खेळाडू संघात दयेनं घेतलेला नसतो. तो असला की जास्त गुणांच्या खेळाडूंसाठी जागा होते.

## नजर बदलते ती नेमकी कशानं

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. दोन गटांच्या मनात एकमेकांबद्दल पूर्वग्रह असतील तर त्यांना नुसतं जवळ आणून भागत नाही. चार गोष्टी लागतात: त्या प्रसंगापुरता तरी दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्यांचा, म्हणजे संस्थेचा किंवा कायद्याचा, पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये दोन संशोधकांनी पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. संपर्कानं पूर्वग्रह कमी होतो असंच त्यातून दिसलं आणि या चार अटी जिथे पाळल्या होत्या तिथे परिणाम जास्त होता.

आता आपल्याकडे अपंग माणसाशी आपला संपर्क कुठे येतो ते आठवा. सिग्नलवर, देवळाच्या पायरीवर, नाहीतर साहित्यवाटपाच्या कार्यक्रमात. तिथे एक देणारा, एक घेणारा. दर्जा सारखा नाही, ध्येय एक नाही, गरज एकाच बाजूची. असे हजार प्रसंग आले तरी नजर बदलणार नाही, उलट पक्की होईल.

मैदानावर चारही गोष्टी आपसूक जमून येतात. म्हणून मला त्या दिवशीचं ओरडणं इतकं महत्त्वाचं वाटतं. भाच्यावर ओरडणाऱ्याला पास हवा होता आणि भाच्याला तो द्यायचा होता. दयेला तिथे वेळच नव्हता. ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत, ज्याच्यावर चिडतो आणि जो आपल्याला हरवतो, त्याची कीव येणं अवघड असतं.

पण बघणाऱ्याची नजर बदलते ती बऱ्याच उशिरा. पहिली बदलते खेळणाऱ्याची स्वतःची. माझा मित्र सत्ताविसाव्या वर्षी अपघातानंतर व्हीलचेअरवर आला. दोन वर्षं घराबाहेर पडला नाही. तो सांगतो, "कोर्टवर पहिल्या दिवशी मी चेअरसकट आडवा झालो. मला वाटलं, आता सगळे धावत येतील. कोणी आलंच नाही. कोच लांबून म्हणाला, उठ, तुझ्यामुळे खेळ थांबलाय." उठायचं कसं हे त्याला दुसऱ्या एका खेळाडूनं नंतर शिकवलं. घरी पलंगावरून चेअरवर यायला दोन माणसं लागायची, ती दीड महिन्यात लागेनाशी झाली. खांद्यात जोर आला हे कारण होतंच. पण पडून उठता येतं हे अंगाला कळलं होतं.

मग घरच्यांची. घरात ज्याला कोणी काही काम सांगत नव्हतं, त्याला कोणीतरी फोनवर दरडावतंय की सकाळी साडेसहाला ये, उशीर चालणार नाही. आई डबा करायला लागते. वडील विचारतात, जिंकलात का? त्याच्याकडून अपेक्षा करणारं कोणीतरी बाहेर आहे, हे बघून घरचेही अपेक्षा करायला लागतात. भावाच्या लग्नात हिशेबाचं काम या मित्राकडे दिलं गेलं. ही गोष्ट सांगताना त्याचा चेहरा पदकाची गोष्ट सांगताना होतो तसाच झाला होता.

आणि शेवटी परक्यांची. संघाला स्पर्धेला जायचं असतं. दहा-बारा व्हीलचेअर एकदम एसटी स्टँडवर येतात. पायरी उंच आहे, स्वच्छतागृहाचं दार अरुंद आहे, हे एकट्यानं सांगितलं तर 'तुम्ही घरून निघता कशाला' असं उत्तर मिळतं. जर्सी घातलेल्या बारा जणांनी सांगितलं की आगारप्रमुख उठून बाहेर येतो.

## मग टीव्हीवर बघून काहीच होत नाही का?

होतं, पण बघायचं कसं यावर आहे. आपल्या फोनवर येणारे व्हिडिओ आठवा. दोन्ही पाय नसलेला माणूस पोहतोय, मागे करुण संगीत, आणि खाली ओळ: 'आता तुमच्याकडे काय कारण आहे?' स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन पत्रकार, स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या, त्यांनी २०१२ मध्ये या प्रकारावर कडाडून टीका केली. अपंग माणसाला वस्तू करून बाकीच्यांना बरं वाटवून देण्याचा हा धंदा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या व्हिडिओत त्या माणसाचं नाव नसतं, वेळ नसते, त्यानं कोणाला हरवलं ते नसतं. आणि ते बघून झाल्यावर आपल्या सोसायटीच्या दारात रॅम्प नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. उलट, 'तो बघा कसा पोहतो, मग यांना कशाला सवलती' असाही अर्थ निघतो. यातून अपंग माणसासाठी दोनच खुर्च्या उरतात, बिचाऱ्याची आणि वीराची. साध्या माणसाची राहत नाही.

दुसरा एक प्रकार शाळांमध्ये चालतो. ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दहा मिनिटं चालायला लावायचं. हेतू उत्तमच. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की असे प्रयोग केल्यावर लोकांना अपंगत्वाची भीती वाटते, असहाय वाटतं, आणि अपंगांशी वागण्यातलं अवघडलेपण कमी होत नाही. असं का व्हावं? पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकललं तर त्याला पाणी कळत नाही, बुडणं कळतं. पट्टी बांधलेल्या मुलाला अंधत्वाची पहिली, सर्वात वाईट दहा मिनिटं कळतात. वीस वर्षं न बघता वावरणाऱ्याचं कसब कळत नाही.

त्याऐवजी गोलबॉल खेळवा. हा खेळ १९४६ मध्ये युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, चेंडूत घुंगरू, आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी, ज्याला थोडं दिसतं त्याच्याही. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी पूर्ण शांत बसायचं. इथेही पट्टी बांधलेलीच आहे, पण समोर अंध खेळाडू आहे आणि तो सव्वा किलोचा चेंडू तुमच्या बाजूनं गोलात घालतोय, कारण त्याला ऐकता येतं आणि तुम्हाला नाही. मूल घरी जाताना भीती घेऊन जात नाही. 'त्याला कसं ऐकू आलं?' हे घेऊन जातं.

## "ही तर वेगळी चूल झाली"

हा आक्षेप अपंगांच्या चळवळीतूनही येतो आणि तो गंभीर आहे. वेगळी शाळा, वेगळा डबा, वेगळी स्पर्धा. मग एकत्र येणार कधी? माझं मत असं की दोन्ही लागतात. आपल्यासारख्यांमध्ये आधी तयार होण्याची जागा लागते, तिथे कोणी टक लावून बघत नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर बाहेरच्यांची नजर आहे तिथेच राहते. कॅनडासारख्या देशात स्थानिक व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये धडधाकट खेळाडूही चेअरवर बसून खेळतात. स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची चळवळ १९६८ पासून चालू आहे, तिच्यात एकाच संघात दोन्ही प्रकारचे खेळाडू घेण्याची पद्धत आहे. उलट दिशेनंही वाट उघडते. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाडची शीतल देवी पायानं धनुष्य धरून खांद्यानं आणि जबड्यानं दोरी ओढते. २०२५ मध्ये ती सर्वसाधारण खेळाडूंच्या निवड चाचणीत उतरली आणि आशिया चषकासाठीच्या भारताच्या कनिष्ठ संघात आली. तिथे तिच्यासाठी वेगळा गट नव्हता.

## "कृत्रिम पात्यांनी तर फायदाच होतो"

हा वाद खरा आहे आणि तो संपलेला नाही. जर्मनीच्या मार्कुस रेमनं, पायाच्या जागी लावलेल्या कार्बनच्या वक्र पात्यावर, ८.७२ मीटर लांब उडी मारली आहे, अनेक ऑलिम्पिक विजेत्यांपेक्षा जास्त. पात्यामुळे फायदा होत नाही हे सिद्ध करता न आल्यानं त्याला ऑलिम्पिकमध्ये उतरता आलं नाही. मला यातली एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: 'बिचाऱ्याला पाय नाही' पासून 'याला पाय नसल्याचा फायदा होतोय' इथपर्यंत चर्चा आली आहे. बाकी, पातं लावून कोणीही तेवढी उडी मारू शकत नाही, हे उघडच आहे.

## "पदकं मोजक्यांची, बाकीच्यांचं काय?"

सर्वात खरा आक्षेप हाच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले, म्हणजे खरा आकडा मोठा असणार. पॅरिसला भारताचे ८४ खेळाडू गेले.

पदक या गोष्टीचं टोक आहे, आणि टोक बघून डोंगर चढता येत नाही. ऑलपोर्टची चौथी अट, वरच्यांचा पाठिंबा, टोकाला बरीच पूर्ण झाली आहे: देवेंद्र झाझरियाला २०१७ मध्ये खेलरत्न मिळालं, आता पॅरालिम्पिक पदकाचं सरकारी बक्षीस ऑलिम्पिकइतकंच आहे. पण हाच झाझरिया २००४ मध्ये भालाफेकीत सुवर्ण जिंकला आणि त्याचा प्रकारच पुढच्या दोन पॅरालिम्पिकमधून वगळला गेल्यानं पुन्हा उतरायला त्याला १२ वर्षं थांबावं लागलं. टोकावर ही गत, तर तालुक्याच्या शाळेत काय असेल?

२०१६ च्या कायद्याचं ३० वं कलम सांगतं की सरकारनं अपंग व्यक्तींना खेळात भाग घेता येईल अशी व्यवस्था करावी, अभ्यासक्रम आणि मैदानं त्या दृष्टीनं बदलावीत. ते कलम माहीत असलेला क्रीडाशिक्षक मला अजून भेटायचा आहे. दोष त्यांचा नाही, बीपीएड करताना त्यांना हे कोणी शिकवलं का, हा प्रश्न आहे. खेळाची व्हीलचेअर, तिरप्या चाकांची, लाखाच्या घरात आणि पुढे जाते, हेही खरं. पण सगळ्या खेळांना ती लागत नाही. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला नेट खाली बांधायचं, पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि स्त्रियांसाठी १.०५, आणि ढुंगण जमिनीवरून उचलायचं नाही, एवढाच मुख्य बदल. सगळा वर्ग खाली बसला की पोलिओचा पाय आणि धडका पाय सारखाच. खुळखुळणारा चेंडू तर कुठल्याही शाळेला परवडतो.

मित्राच्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनी हे करून पाहिलं. वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा आहे, पाय साथ देत नाहीत, हात बरे. आठवड्यातून एकदा बसून व्हॉलीबॉल. पहिल्या आठवड्यात मुलं त्याच्याकडे मुद्दाम सोपे चेंडू टाकत होती. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या सर्व्हिसवर दोघांत भांडण झालं: एक म्हणाला चेंडू रेषेबाहेर होता, तो मुलगा म्हणाला रेषेवर. बाई मध्ये पडायला निघाल्या आणि मग थांबल्या. भांडण त्यांनी चालू दिलं. गुण अखेर विरुद्ध बाजूला गेला आणि तो पोरगा उरलेला तास फुरंगटून बसला होता.

भाचा आता दर रविवारी येतो. वळण जमायला त्याला दोन महिने लागले. चाक धरायचं नाही, आतल्या बाजूचं नुसतं तळव्यानं घासायचं, हे सात नंबरनं त्याला दाखवलं, अकरा वेळा, वैतागत. आमच्या सरावात धडधाकट खेळाडूचे साडेचार गुण धरतात. परवा सामन्याआधी कोचनं बेरीज केली: साडेचार, चार, तीन, अडीच, एक. पंधरा. एक जास्त. कोचनं कागदावरून वर बघितलं, भाच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "तू बाहेर. आत साडेतीनवाला येईल." भाचा चेअरवरून उठला आणि बाकावर जाऊन बसला, आणि अर्धा तास तिथून "पास दे, पास दे" म्हणून ओरडत राहिला.